नलूवहिनींच्या नावेचा विमा

माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या देवास शाखेत गेली. माणूस गेल्यावर पैसे मिळतात, तो विमा आमचा नव्हे. आमचा विमा ट्रकचा, दुकानाचा, कारखान्यातल्या यंत्रांचा, गाईम्हशींचा. लग्नाकार्यात भेटणारी माणसं हा फरक कधीच लक्षात ठेवत नाहीत आणि पंगतीत वाकून विचारतात, "वसुधाताई, माझी पॉलिसी कधी पिकते हो?" आमच्याकडे काही पिकत नाही. वर्ष सुखरूप गेलं की कागद संपतो आणि हाती काही उरत नाही. काहीच न मिळणं हा ज्यातला सगळ्यात चांगला निकाल, असा दुसरा धंदा मला माहीत नाही. तो लोकांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले.

तसं या धंद्याचं मूळ साधं आहे. खूप जणांनी थोडं थोडं एका जागी ठेवायचं आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचं. बाकी सगळा वेळ जातो तो संकट म्हणजे नेमकं काय, यावरच्या भांडणात. लोहारद्याच्या बाजारातला एक गवळी एकदा आमच्या शाखेत आला आणि त्यानं पिशवीतून म्हशीचा कान काढून माझ्या टेबलावर ठेवला. विमा उतरवताना जनावराच्या कानात आम्ही बिल्ला मारतो आणि जनावर मेलं की बिल्ला दाखवावा लागतो. बिल्ला काढायचा कसा, ते त्याला उमगलं नव्हतं. "मैडम, कान ले आया हूँ। बाकी भैंस वहीं पड़ी है, देखना हो तो चलो।" बागलीच्या एका कापडवाल्याला भावापासून संरक्षण हवं होतं. भाऊ समोरच दुकान काढत होता. मी म्हटलं, शेठजी, आग, चोरी, पूर एवढंच होतं, भावाचा विमा होत नाही. ते म्हणाले, "मैडम, भाई में तीनों आ गए।"

अशा माणसांशी बोलणं सोपं असतं. त्यांना काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं, आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पण 'विमा घ्यावा की घेऊ नये,' असं मनापासून विचारणारं गिऱ्हाईक मला सगळ्या नोकरीत एकच भेटलं. निवृत्तीचं वर्ष होतं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

नलिनी पोतनीस, आमच्या नलूवहिनी. त्यांचे यजमान अरविंदराव आणि माझे यजमान देवासच्या एकाच कारखान्यात होते. दोघंही महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेले. अरविंदराव टूलरूममध्ये होते, हात सोन्याचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात नाव बांधायला घेतली. देवासला! जिथे नळाला पाणी आलं की शेजारी एकमेकांना हाका मारतात, तिथे. आतून प्लायवूड, वरून फायबर, दोन माणसांनी वल्हवायची, इंजिन नसलेली नाव. तयार झाली तेव्हा ती फाटकातून बाहेर निघेना. कंपाउंडची भिंत पाडावी लागली. सगळी कॉलनी जमली होती. कुणीतरी ओरडलं, "भिया, नारियल तो फोड़ो!" तर नलूवहिनी आतून म्हणाल्या, "भिंत फोडली तेवढं पुरे."

ती नाव ट्रकवरून धरमपुरीला गेली. खाली धरण झाल्यापासून तिथे नर्मदा तळ्यासारखी पसरते, धार अशी जाणवत नाही. घाटाजवळ अरविंदरावांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि महिन्यातले काही दिवस ते तिथे राहू लागले. संध्याकाळी समोरच्या बेटापर्यंत जायचं, देवळाला लांबून नमस्कार करायचा आणि परत. एवढीच हौस. दोन हिवाळे त्यांनी ती केली. मग एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर नलूवहिनी शाखेत आल्या. माझ्यासमोर बसल्या, डबीतून काढून मला लवंग दिली आणि म्हणाल्या, "वसुधा, ह्यांच्या नावेचा विमा काढावा का गं?"

मी सवयीनं विचारलं, "वापरतं कोण?"

"मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पासष्टी ओलांडलेली बाई, आयुष्यात स्कूटरच्या मागे बसतानाही डोळे मिटून घेणारी.

"रमेश शिकवतो मला," त्या म्हणाल्या. "तिथला केवट आहे. यांची नाव तोच सांभाळायचा. मंदार म्हणतो, विकून टाक, नाहीतर निदान विमा तरी काढ." मंदार त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याला असतो. "विकायची नाही एवढं मला कळतं. विम्याचं कळत नाही. तू सांग."

नावेला इंजिन असतं तर गोष्ट वेगळी होती. सरकारी नोंदणी, सक्तीचा विमा, सगळं नियमानं ठरलं असतं. वल्ह्याच्या नावेचं मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमच्या शाखेत कुणी नावेचा कागद कधी पाहिला नव्हता. मॅनेजर तरुण होते. त्यांनी दोनदा विचारलं, "नाव मतलब बोट?" आणि प्रकरण वरच्या ऑफिसला पाठवलं. तिथून उत्तराऐवजी प्रश्न आले. नाव कोणत्या कंपनीची? खरेदीची पावती? बाजारभाव? वल्हवणाऱ्याचा अनुभव? वापर कशासाठी?

वहिनींसमोर बसून मी एकेक प्रश्न विचारत गेले. कंपनी कोणती, यावर त्या म्हणाल्या, "अरविंद पोतनीस." किंमत विचारली, तर त्यांनी मलाच विचारलं, "प्लायवूडची सांगू की यांच्या दोन वर्षांची?" मी तो रकाना मोकळा ठेवून पुढे गेले. वापर कशासाठी, या प्रश्नाला तर त्या माझ्यावरच चिडल्या. "हौस लिही. पण माझी नव्हती ती, त्यांची होती. माझं काय आहे ते अजून मला ठरवता येत नाहीये."

नाव बघितल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. इंदूर मागे टाकलं, मानपूरचा घाट उतरलो आणि हवा बदलली. दुपारच्या आधी आम्ही धरमपुरीच्या घाटावर होतो. नाव पिवळी होती, आमच्या कॉलनीच्या गेटला लावतात तोच रंग. रमेश पायऱ्यांवर बसून दोर वळत होता. चाळिशीचा, बोलण्यात संथ. वहिनींनी पदर खोचला, रमेशमागोमाग नावेत पाय टाकला आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. वल्ही पाण्यात सारखी पडत नव्हती, नाव थोडी तिरकी जात होती, पण जात होती.

"काकीजी का दायाँ हाथ भारी है," काठाला परत लागल्यावर रमेश मला म्हणाला. "रोटी बेलने का हाथ है ना। नाव बाएँ घूम जाती है।"

मग आम्ही तिघं पायऱ्यांवर चहा प्यायला बसलो. मी माझं काम केलं, म्हणजे समजावून सांगितलं. नावेच्या बाबतीत धोके तीन. नाव फुटेल, बुडेल, चोरीला जाईल, तो एक. तुमच्या नावेनं दुसऱ्याचं नुकसान होईल, तो दुसरा. आणि आत बसलेल्या माणसाला काही होईल, तो तिसरा. तिन्हींची व्यवस्था निरनिराळी.

"चौथा?" वहिनींनी विचारलं.

"चौथा कुठला?"

"काहीच न होता ती नुसती पडून राहील, तो."

त्याचा विमा नसतो, असं मी हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

दिवाळीनंतर वरून तोंडी उत्तर आलं. विमा होऊ शकेल. पण वापर फक्त खाजगी सैर. मालक आणि घरची माणसं बसतील. लोकांची ने-आण करायची नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. मी वहिनींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "रमेश घरचा का बाहेरचा?" मी म्हटलं, विचारून सांगते. "आणि घाटावर एखादी म्हातारी म्हणाली, मला बेटावर नेऊन आण, तर?" मी म्हटलं, तेही विचारते. मग त्यांनी मला सरळच विचारलं, "वसुधा, तू माझ्या जागी असतीस तर घेतला असतास?"

दुसऱ्या कुणाला मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. तोच माझा धंदा होता. पण मला समोर वहिनी दिसत होत्या, तिरक्या जाणाऱ्या नावेत पदर खोचून बसलेल्या. विमा काढला की त्यांनी घाटावरच्या प्रत्येकाला नाही म्हणायला शिकायचं. न काढला आणि काही झालं तर? मंदारला मी काय तोंड दाखवू? मी म्हटलं, "वहिनी, खरं सांगू? मला कळत नाहीये. वरून सगळी उत्तरं येऊ देत." फोन ठेवल्यावर आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी उद्या या म्हणून परत पाठवलं. शाखेतल्या पोरांना वाटलं, मॅडमची तब्येत बिघडली.

उत्तरं यायच्या आत जे व्हायचं ते झालं. ते मला वहिनींनी आणि रमेशनं नंतर निरनिराळं सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढं लिहिते.

धरमपुरीच्या खालच्या अंगाला काठावर एक वस्ती आहे. बॅकवॉटर चढलं की तिच्या रस्त्यावरची पुलिया, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली जाते आणि गाडीनं यायचं तर फार मोठा वळसा पडतो. त्या हिवाळ्यात नर्मदा परिक्रमेला निघालेल्या दोन बायका तिथे अडकल्या. नणंद-भावजय, जळगावकडच्या. नणंद सकाळी अंगणातच कोसळली. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. वस्तीवरच्या एका माणसानं रमेशला फोन केला. त्या दिवशी पलीकडच्या काठावर मेळा होता आणि घाटावरच्या सगळ्या इंजिनाच्या नावा तिकडे गेलेल्या. राहिली होती ती पिवळी.

"काकीजी, चलना है क्या?" एवढंच रमेशनं वहिनींच्या घाटाजवळच्या खोल्यांवर येऊन विचारलं. दोन वल्ही, दोन माणसं लागणार होती. वहिनी म्हणतात, त्यांनी लगेच हो म्हटलं. रमेश म्हणतो, त्या आधी आत गेल्या, देवाजवळ उभ्या राहिल्या आणि मग आल्या.

वस्तीवर पोचले. बाईला गोधडीत घालून नावेत आणलं. तिला शुद्ध होती, आणि त्या अवस्थेतही ती एकच गोष्ट सांगत होती. "माई, धार नका ओलांडू. मैयाची धार नका ओलांडू." परिक्रमावासी नर्मदेचं पात्र ओलांडत नाही, ओलांडलं की परिक्रमा मोडली. वहिनींनी तिला शब्द दिला, काठानंच नेते.

काठानं जायचं म्हणजे बुडालेल्या बाभळींतून जायचं. मधल्या पाण्यातून ते सुखरूप गेले असते. रमेशनं दोनदा म्हटलं, थोडं आत घेऊ, धार खूप पुढे आहे, काही ओलांडत नाही आपण. पण बाईला नाव आत जाताना दिसली की ती उठून बसू बघायची आणि नाव डोलायची. शेवटी काठच धरला. घाट दिसायला लागला आणि खालून करकर आवाज आला. बाभळीचं खोड पाण्याखाली होतं. तळाला चीर गेली, पाणी आत यायला लागलं. भावजयीनं आपला कमंडलू काढला आणि पाणी उपसायला सुरुवात केली. ती रडत होती, उपसत होती आणि 'नर्मदे हर' म्हणत होती, सगळं एकदम. वहिनींनी मागे वळून पाहिलंच नाही. "पाहिलं असतं तर हात थांबले असते," त्या म्हणाल्या.

पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत बाईची गोधडी भिजली होती. लोकांनी तिला उचललं, जीप उभी होती. नाव तिथेच, गुडघाभर पाण्यात बसली.

बाई वाचली. आधी तिथल्या दवाखान्यात आणि मग इंदूरला नेली. वहिनी तिला भेटायला गेल्या तेव्हा ती पलंगावर बसून रडत होती, की परिक्रमा पायी करायची असते, मी नावेत बसले, माझी मोडली का? वहिनींनी घाटावरच्या दोन साधूंना विचारलं. एक म्हणाला, मोडली. दुसरा म्हणाला, मैयानंच उचलून नेलं, मोडायची कशी? वहिनींनी मला फोन केला. "वसुधा, तुमच्या वरच्या ऑफिससारखंच आहे गं इथेही."

मी गेले तेव्हा मंदारही पुण्याहून आलेला होता. नाव काठावर उपडी घातलेली, तळाला हातभर चीर. मंदार शहाणा मुलगा आहे, आवाज चढवणारा नाही. तो म्हणाला, "आई, ती बाई वाचली, चांगलं झालं. पण नाव आधी फुटली असती तर? तुला पोहता येत नाही. तिला उठता येत नव्हतं."

मला वाटलं, वहिनी आता 'देवाची इच्छा' वगैरे म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो. बुडालो असतो."

"मग?"

"मग काय? मला त्याचीच भीती वाटते. अजून रात्री तो करकर आवाज ऐकू येतो नि मी उठून बसते."

मंदार माझ्याकडे वळला. "काकू, विमा असता तर काही मिळालं असतं का?"

मी सांगितलं, बहुतेक नाही. अट सैरेची होती, ही सैर नव्हती. कुणी म्हणेल माणुसकी होती, कुणी म्हणेल प्रवासी वाहतूक. सर्व्हेअर कसा निघतो त्यावर.

"विमा असता तर मी विचारत बसले असते," वहिनी मध्येच म्हणाल्या. "तुला फोन लावला असता, वसुधा. विचारून सांगते, म्हणाली असतीस."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. कारण अगदी तसंच झालं असतं. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. रेल्वेत प्लॅटफॉर्म तिकिटाशिवाय त्या कधी आत गेल्या नाहीत. आणि माझा स्वभावही मला ठाऊक आहे. पण म्हणून विमा नव्हता तेच बरं, असं विम्यात आयुष्य काढलेल्या बाईनं म्हणायचं का?

रमेशनं आणि त्याच्या चुलत्यानं नाव दुरुस्त केली. चीर बुजली, पण पिवळा रंग जुळला नाही, तिथे पट्टा दिसतो. मी वरच्या ऑफिसला शेवटचं विचारलं: गरज पडेल तेव्हा कुणालाही बसवू, असं लिहून विमा मिळेल का? उत्तर आलं, मग ती हौसेची नाव राहिली नाही, प्रवासी नाव झाली, तिचे परवाने आणा. हे चूक आहे असंही मला म्हणता येईना. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्यानं आधी विचारायलाच हवं, की किती जण, कुठून कुठे, कोण वल्हवणार.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नावेला नको मग. माणसांचं काही असतं का?"

माणसाचा अपघात विमा असतो. तो नावेला बांधलेला नसतो. माणूस जाईल तिथे तो जातो. त्यांनी रमेशचा काढला आणि त्याच्या बायकोचं नाव वारस म्हणून लिहिलं. मी म्हटलं, तुमचाही काढा. मंदारच्या समाधानासाठी त्यांनी तोही काढला. नावेत ठेवायला लाइफ जॅकेटं मागवली, नारिंगी. घालून बसायचं, नाहीतर उतरायचं, असा नियम केला. घाटावरचे लोक हसले. एक पुजारी म्हणाले, "माताजी, मैया पर भरोसा नहीं?" वहिनी म्हणाल्या, "मैया पर है, बबूल पर नहीं।"

"पण आत बसलेल्या परक्या माणसाचं काय?" मी शेवटचं बजावलं. "त्याला काही झालं तर जबाबदारी तुमची. त्यावर कसलंच संरक्षण नाही तुम्हाला."

"ते माझ्या डोक्यावर राहू दे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी डोळे उघडे ठेवीन."

हे धाडस की हट्ट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात 'आपण समाधानी आहात का' असं विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं, कारण तिथे तेच म्हणायचं असतं. कुणी आज त्याच नावेचं विचारलं तर मी विमा घ्या म्हणेन. आणि मग त्या बाईची भिजलेली गोधडी आठवेल आणि थांबेन.

मागच्या मे महिन्यात मंदार बायको-मुलीला घेऊन आला होता. एका संध्याकाळी त्याचा धरमपुरीहून फोन. आवाज दबका. "काकू, आईला सांगू नका. ती आणि छोटी खाली घाटावर गेल्यात. आई तिला बेटाकडे नेते म्हणतेय, मलाही चल म्हणते. मी गुपचूप त्या नावेचा विमा काढू शकतो का? हप्ता मी भरेन."

मी म्हटलं, "नाही काढू शकत. नाव तुझी नाही, आईची आहे. जी वस्तू आपली नाही, तिचा विमा आपल्याला काढता येत नाही."

"मग मी करू काय?"

"जॅकेट घाल आणि बस."

फोनमधून घाट ऐकू येत होता. वाऱ्याचा आवाज, लांबून मुलीचं हसणं आणि वहिनींची हाक, "मंदार, येतोयस का?" मग तो म्हणाला, "काकू, याची पट्टी पुढून बांधायची का मागून?"